कूटलेखनाचे मोल : सकळ लिपी आणि जाळ्यावरील साठवण

जाळ्यावरील साठवणीत ठेवावयाची सामग्री कूटबद्ध करावी किंवा नाही, हा प्रश्न भाषाविषयक संशोधन करणाऱ्यांत निघाला म्हणजे बहुधा एक ठरीव उत्तर ऐकू येते : कूटलेखनाने काम मंदावते, तेव्हा ते नको. काम किती मंदावते याचेही उत्तर तयार असते. कोणी दहा टक्के सांगतो, कोणी तीस. हे टक्के कशाचे, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या कामात मोजलेले, याची विचारपूस होत नाही. महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्यांविषयी मराठीत जे बोलले जाते त्यातही याच जातीचा सरसकट हिशेब आढळतो. लिपी गुप्त राहिली म्हणून ग्रंथांची भाषा शुद्ध राहिली, असे एक पक्ष म्हणतो. लिपी गुप्त राहिली म्हणून मराठीचे आद्य गद्य शतकानुशतके मराठीलाच पारखे झाले, असे दुसरा म्हणतो. तिन्ही मतांत दोष एकच आहे. अक्षर बदलण्याच्या क्रियेला सारे श्रेय किंवा सारा दोष दिला जातो, आणि त्या क्रियेभोवतीची व्यवस्था दृष्टीआड राहते. मोल द्यावे लागते हे खरे. परंतु ते बव्हंशी त्या व्यवस्थेचे असते.

महानुभावांचे उदाहरण आधी घेणे इष्ट आहे. कारण त्याचे परिणाम पुरतेपणी दिसून चुकले आहेत. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात धर्मनिरूपणासाठी लोकांची मराठी पत्करली. म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा शोधून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे चौदाव्या शतकात त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत घातले. 'सह्याद्रिवर्णना'चा कर्ता रवळो व्यास ह्याच्याकडे परंपरा या लिपीचे कर्तृत्व देते. तिच्या जोडीला सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र अशा इतरही लिप्या झाल्या. संस्कृत सोडून जनभाषा निवडणाऱ्या पंथाने ती जनभाषा जनांना वाचता येऊ नये अशा अक्षरांत ठेवावी, हा विरोधाभास अनेकांना खटकला आहे आणि तो खटकण्याजोगाच आहे.

सकळ लिपी तत्त्वतः प्रतिस्थापनाची लिपी आहे. एका अक्षराच्या जागी ठरावाने दुसरे लिहावयाचे, एवढेच तिचे मर्म. ज्याला ते कोष्टक मुखोद्गत आहे त्याला लिहिताना वा वाचताना अडखळावे लागत नाही. काही महिन्यांच्या सरावाने ती त्याची दुसरी बाळबोधच होते. पंथाच्या पोथ्या ऋद्धिपुरापासून पंजाबापर्यंत आणि थेट काबूलपर्यंतच्या मठांत पोचल्या, तेथे नकलल्या गेल्या, वाचल्या गेल्या. लेखनाचा भार असह्य असता तर हा विस्तार झाला नसता. म्हणजे, लिपीचा वापर करणाऱ्यास लिपीचे मोल जवळजवळ पडलेच नाही. (मोडीशी तुलना करून पाहावी. मोडी वेगासाठी वापरात राहिली. आज ती बहुतेकांना वाचता येत नाही, ती एक प्रकारची गुप्त लिपीच झाली आहे, पण तो तिचा हेतू नव्हता. गुप्तता हेतूने येते तशी विस्मृतीनेही येते, आणि दुसरी अधिक महाग पडते.)

मोल पडले ते दुसऱ्याच कोणावर. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे व वि. ल. भावे यांनी या लिपीची उकल अभ्यासकांपुढे आणली, त्यानंतर ह. ना. नेने यांनी नागपुरात 'लीळाचरित्रा'च्या संपादनाचे काम केले, आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढली. ही उकल होईपर्यंत मराठी गद्याच्या इतिहासात यादवकाळाचे पान जवळपास कोरे होते. ते कोरेपण वाचणाऱ्या महंताच्या वाट्यास आले नाही. पंथाबाहेरच्या वाचकाच्या आले. कूटलेखनाचे मोल मोजताना ते कोणाच्या खात्यावर पडते हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा, तो इथे कोणी विचारलेला दिसत नाही.

शुद्धतेचा पक्ष तर याहून दुबळा आहे. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे पंथाची परंपराच सांगते. नंतर आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला, त्याचे निरनिराळे पिढीपाठ झाले, आणि त्या पाठांत भेद आहेत. सकळ लिपीने हे भेद टाळले नाहीत. टाळणे तिच्या स्वभावातच नव्हते. परक्याने वाचू नये एवढी तजवीज लिपी करते. आपल्याने बदलू नये, चुकू नये, गाळू नये, याची तजवीज तीत नाही. याउलट 'ज्ञानेश्वरी' उघड्या लिपीत हिंडत होती म्हणून तिच्यात अपपाठ शिरले, आणि उघड्या लिपीत हिंडत होती म्हणूनच एकनाथांना १५८४ मध्ये प्रती ताडून तिची संशोधित प्रत करता आली. गुप्तता आणि अखंडता ही दोन स्वतंत्र कामे आहेत. त्यांची गल्लत करणारे लोक वाङ्मयेतिहासात जेवढे आहेत तेवढेच संगणकाच्या खोलीतही सापडतात.

आता संगणकाच्या खोलीकडे वळावे. तेथे तरी सारे मोजता येते.

गोंदिया जिल्ह्यातील बिरसी हे गाव बाहेरच्यांना विमानतळामुळे ठाऊक असते. भाषाभ्यासकाला तो परिसर झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकमेकींना खेटून असलेला प्रदेश म्हणून महत्त्वाचा आहे. अशा गावी एखाद्या वृद्ध वक्त्याचे बोलणे तासभर ध्वनिमुद्रित केले असे समजू. वक्ता कथा सांगता सांगता भावकीच्या वादाबद्दल बोलतो, कोणाच्या शेताचा बांध कोणी सरकवला ते सांगतो, शेजाऱ्याच्या जातीविषयी दोन शब्द टाकतो. बोलीच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत जिवंत असतो, कारण येथे वक्ता मुद्रणयंत्र विसरलेला असतो. हे बोलणे बाहेर जाणार नाही असे अभ्यासकाने त्याला सांगितलेले असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या आधीही ते वचन वचनच होते. तेव्हा हे ध्वनिमुद्रण विभागाच्या सामायिक सर्व्हरवर उघडे ठेवावयाचे की कूटबद्ध करून, हा प्रश्न यंत्राच्या सोयीपुरता उरत नाही.

हिशेब साधा आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना ३ बाइटांचा, म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट. तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट. आज सर्वत्र रूढ असलेली कूटपद्धती म्हणजे एईएस. बेल्जियमचे योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांची ही रचना अमेरिकेच्या मानक संस्थेने २००१ मध्ये प्रमाण ठरवली. २०१० पासून इंटेलच्या प्रोसेसरांत तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञाच घातलेल्या आहेत, आणि त्या आज्ञा असलेला एकच गाभा सेकंदाला एक गिगाबाइटहून अधिक सामग्री कूटबद्ध करू शकतो. बिरसीचा तो एक तास अर्ध्या सेकंदात आटोपतो. तोच तास गावातून सेकंदाला २० मेगाबिटच्या जोडणीवरून वर चढवावयास साडेतीन मिनिटांजवळ लागतात. विभागाच्या आतील एक गिगाबिटच्या तारेवरून सुमारे चार सेकंद.

ही अर्धी सेकंद चार सेकंदांत मिळवून 'साडेबारा टक्के' असा निष्कर्ष काढणे ही चूक नेहमी होते. कूटलेखन व प्रेषण एकामागून एक होत नाहीत. एक तुकडा तारेवर असताना पुढचा कूटबद्ध होत असतो. गोंदियाच्या तांदूळ गिरणीत धान चाळणे, भरडणे, पॉलिश करणे ही कामे एकाच वेळी चालू असतात, आणि दिवसाचे एकूण उत्पादन त्यांतल्या सर्वांत संथ यंत्रावर ठरते. चाळणी दुप्पट वेगाने हलवून तांदूळ वाढत नाही. येथे सर्वांत संथ आहे ती तार. म्हणून या कामात कूटलेखनाचे मोल शून्याच्या जवळ आहे. मात्र एईएसच्या खास आज्ञा नसलेल्या जुन्या वा स्वस्त यंत्रावर वेग सेकंदाला शंभर मेगाबाइटपर्यंत उतरला, तर त्याच तासाला पाच सेकंद लागतील, चार सेकंदांची तार वाट पाहत बसेल, आणि मोल एकदम दिसू लागेल. स्वस्त फोनांची ही अडचण ओळखूनच गूगलने २०१९ मध्ये एडियंटम ही निराळी पद्धती काढली. तशा साध्या प्रोसेसरावर ती एईएसच्या सुमारे पाच पट वेगाने चालते. पद्धती तीच, सामग्री तीच, आणि उत्तर एका ठिकाणी शून्य, दुसऱ्या ठिकाणी पाव. मग एकच टक्का सांगण्यास अर्थ काय राहिला?

लहान लहान तुकडे विखरून वाचावयाचे असतील तर हिशेब वेगाचा न राहता विलंबाचा होतो. ४,०९६ बाइटांच्या तुकड्याला कूटलेखनाचे सुमारे ४ मायक्रोसेकंद पडतात. फिरती हार्ड डिस्क तो तुकडा शोधण्यातच आठ-दहा हजार मायक्रोसेकंद घालवते. तिच्या शेजारी ते चार कोणाच्या गणतीत नाहीत. परंतु उत्तम प्रतीची घन-अवस्था डिस्क तेवढाच तुकडा दहा-वीस मायक्रोसेकंदांत लिहून घेते, आणि तेथे चार म्हणजे पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक. साठवण जितकी वेगवान तितके कूटलेखन महाग दिसते. वस्तुतः ते महागलेले नसते. भोवतालचे स्वस्त झालेले असते.

याहून बोधप्रद एक तपासणी २०२० मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केली. लिनक्समधील डिस्क-कूटलेखन अपेक्षेहून फार संथ चालते असे त्यांना आढळले. सर्वसाधारण मनुष्याने दोष एईएसला दिला असता. त्यांनी एकेका विनंतीचा मार्ग तपासला आणि असे दिसले की कूटलेखन स्वतः चटकन होते, पण त्याआधी आणि त्यानंतर प्रत्येक विनंती एका रांगेतून दुसऱ्या रांगेत, एका कामगार-प्रक्रियेकडून दुसरीकडे सोपवली जाते. या रांगा एके काळी सकारण घातलेल्या होत्या. कारणे गेली, रांगा राहिल्या. त्या टाळल्यावर वेग सुमारे दुपटीवर गेला. हा पर्याय पुढे लिनक्सच्या ५.९ या आवृत्तीत सर्वांसाठी आला. सरकारी कचेरीत अर्ज वाचावयास दोन मिनिटे लागतात आणि तो टेबलांवरून फिरावयास दोन महिने, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या शोधाचे नवल वाटणार नाही.

विंडोजच्या सामायिक फोल्डरांसाठी असलेल्या एसएमबी या संकेतातही असेच घडले. २०१२ मध्ये त्यात कूटलेखन आले ते एईएसच्या सीसीएम या मांडणीने. २०१५ नंतर जीसीएम ही मांडणी वापरात आली आणि काम लक्षणीयरीत्या हलके झाले. मूळ पद्धती बदलली नाही. सीसीएममध्ये खरेपणाची खूण एका खंडाच्या उत्तरावर पुढचा खंड अवलंबून ठेवून काढावी लागते, म्हणून रांग मोडता येत नाही. जीसीएममध्ये खंड एकाच वेळी हाताळता येतात. फरक वाक्यरचनेचा आहे, शब्दसंग्रहाचा नाही.

खरेपणाची खूण हा शब्दप्रयोग आला, तेव्हा अखंडतेचा मुद्दा येथेच पुरा करावा. डिस्कवरील कूटलेखनात बहुधा एक्सटीएस ही मांडणी असते. ती गुप्तता देते. कोणी कूटपाठातील एक बिट बदलला तर ती तक्रार करीत नाही. उकलताना त्या १६ बाइटांच्या खंडाची निव्वळ राख होते आणि वाचणारी आज्ञावली ती राख मुकाट्याने पुढे देते. देवनागरीचे एक चिन्ह यूनिकोडच्या प्रचलित मांडणीत ३ बाइट घेते. म्हणजे पाच-सहा चिन्हे, एखादा शब्द, गेला. ध्वनिमुद्रणात तेवढाच एक टक् असा आवाज. सकळ लिपीत एक अक्षर चुकले तर एकच अक्षर चुकत असे आणि जाणता वाचक संदर्भाने ते सुधारून घेई, कारण भाषेतील अतिरिक्तता, म्हणजे गरजेपेक्षा जास्त खुणा देण्याची तिची सवय, त्या लिपीत शाबूत राहत असे. आधुनिक कूटलेखन ही सवय समूळ पुसून टाकते. तेच त्याचे बळ आहे, हे क्लॉड शॅननने १९४९ मध्येच दाखवले. डिस्कवर अखंडतेची हमी हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते, आणि वेगळी मोजावी लागते : लिनक्समधील तत्संबंधी सोय नेहमीच्या रीतीने चालवली तर प्रत्येक लेखन आधी रोजनिशीत आणि मग जागेवर असे दोनदा होते. येथे मात्र मोल खरे आहे, मोठे आहे, आणि अनेकदा देण्याजोगे आहे. गंमत अशी की कूटलेखनाच्या किमतीची तक्रार करणारे या किमतीचे नावही काढीत नाहीत.

अतिरिक्तता पुसली गेल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे कूटबद्ध सामग्री दाबून लहान करता येत नाही. आधी संक्षेप, मग कूटलेखन, हा क्रम पाळला नाही तर साठवणीची जागा व्यर्थ जाते. एकच फाइल पाच अभ्यासकांनी आपापल्या किल्लीने बंद करून ठेवली तर सर्व्हरला त्या पाच निरनिराळ्या वस्तू दिसतात, आणि एकच प्रत राखण्याची युक्ती निरुपयोगी होते. मजकुरातूनच किल्ली काढण्याचा तोडगा मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००२ मध्ये सुचवला होता; परंतु त्यात कोणाकडे कोणता मजकूर आहे हे तर्काने ओळखता येते, म्हणजे गुप्ततेचेच नाणे मोडून जागा विकत घ्यावयाची.

भाषाभ्यासकाला सर्वांत जड पडणारे मोल शोधाचे आहे, आणि वेगाच्या चर्चेत त्याचा उल्लेखही नसतो. हजार तासांचा संग्रह घरच्या किल्लीने बंद करून दूरच्या सर्व्हरवर ठेवला आहे. त्यात झाडीबोलीतील एका क्रियारूपाची उदाहरणे हवी आहेत. सर्व्हर त्यातले एक अक्षर वाचू शकत नाही. तेव्हा संग्रह खाली उतरवून घेणे आले. ५१८ गिगाबाइट, सेकंदाला अडीच मेगाबाइट : जवळजवळ ५८ तास. त्यात प्रत्यक्ष उकलीचा वाटा नऊ मिनिटांहून कमी. नऊ मिनिटांना घाबरून कूटलेखन टाळणारा आणि अठ्ठावन्न तासांचा विचार न करता ते स्वीकारणारा, दोघेही मोजमाप चुकलेलेच. लिप्यंतरांची सूची निराळी ठेवणे हा व्यवहार्य उपाय आहे, पण उघडी सूची बरेच काही सांगून टाकते. बांधाच्या भांडणातील नावे सूचीतही असणारच. बंद मजकुरात शोध घेण्याची रीत सॉन्ग, वॅग्नर व पेरिग यांनी २००० मध्ये मांडली, तिच्यावर पुष्कळ काम झाले, तथापि कोणता शोध किती वेळा झाला एवढे तरी बाहेर झिरपतेच. यांतला कोणता तोटा सोसावयाचा हे वक्त्याला दिलेल्या शब्दावरून ठरवावे लागेल. सर्व्हरच्या वेगाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

महानुभावांचे उदाहरण एका ठिकाणी मात्र अपुरे पडते, आणि तेथे ते ताणणे बरोबर होणार नाही. सकळ लिपीचे कोष्टक समूळ नष्ट झाले असते तरी अक्षरांच्या वारंवारतेवरून, 'आणि', 'ते', 'म्हणे' अशा ठिकठिकाणी येणाऱ्या शब्दांवरून, कोणा राजवाड्यांनी ते पुन्हा मिळवले असते. प्रतिस्थापनाच्या लिपीत भाषा आतून ठसे उमटवीत राहते. एईएसमध्ये ठसे उमटत नाहीत. किल्ली गेली की बिरसीचा वृद्ध वक्ता गेला, त्याची बोली गेली, आणि त्याच्या नातवंडांनी मागितले तरी विभाग ते देऊ शकणार नाही. पंथाने कोष्टक पिढ्यानुपिढ्या अनेकांच्या मुखी ठेवले, म्हणून ग्रंथ जगले. विभागांत किल्ली बहुधा एका प्राध्यापकाच्या संगणकात असते आणि तो निवृत्त होतो.

यावर साधने आहेत, आणि त्यांचा वेगावर काही भार पडत नाही. लिनक्सच्या प्रचलित डिस्क-कूटलेखनात एकाच साठ्यासाठी ३२ पर्यंत निरनिराळे परवलीचे शब्द ठेवता येतात. एकाचा अधिकार काढला तरी साठा पुन्हा लिहावा लागत नाही. आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या रीतीने किल्लीचे पाच वाटे करून त्यांतले कोणतेही तीन एकत्र आल्यावरच ती सिद्ध व्हावी, असेही करता येते : एक वाटा विभागप्रमुखाकडे, एक ग्रंथपालाकडे, एक कुलसचिवांच्या कपाटात, उरलेले दोन विद्यापीठाबाहेर. ध्वनिमुद्रणाच्या संमतिपत्रावर वक्त्याचे नाव, गाव, बोली, दिनांक यांचे रकाने असतात. किल्लीचे वाटे कोणाकोणाकडे आहेत याचा रकाना त्याच कागदावर, वक्त्याच्या अंगठ्याच्या वर, असावयास हवा.